पांढरी नंबर प्लेट, पहिलं भाडं आणि पॉलिसीतली एक ओळ



चंद्रपूर आणि गडचिरोलीत धंद्याची सुरुवात बऱ्याचदा घरच्या गाडीपासून होते. दारात एक इको, बोलेरो नाहीतर जुनी अल्टो उभी असते. कुणीतरी फोन करतो, "भाऊ, नागपूरहून चार पाहुणे येत आहेत, मोहर्ली गेटपर्यंत सोडून देशील का? डिझेल टाकून वर दोन हजार देतो." दुसरा म्हणतो, "हेमलकसाला जायचं आहे, दोन दिवसांचं काय घेशील?" महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, चैत्रात महाकालीची यात्रा. गाडी आहे, रस्ता माहीत आहे, गिऱ्हाईक समोर आहे. मग अडचण काय?

अडचण तुमच्या डॅशबोर्डच्या खणात पडून असलेल्या कागदात आहे. गाडीची पॉलिसी आपण काढतो ती पोलिसाला दाखवायला, आणि तिच्यात काय लिहिलं आहे ते गाडी ठोकल्यावर पहिल्यांदा वाचतो. या विषयावरचा व्हिडिओ छोटा ठेवावा लागला, म्हणून पूर्ण हिशोब इथे सविस्तर लिहितोय. आज एकच गोष्ट डोक्यात पक्की करायची: गाडीतून पहिला रुपया कमावण्याआधी पॉलिसीतली "वापराच्या मर्यादा" ही ओळ वाचायची. बाकी सगळं त्या ओळीभोवती फिरतं.

आधी समजून घ्या, पॉलिसीत काय काय असतं

"माझा फुल इन्शुरन्स आहे" असं आपण म्हणतो. पण पॉलिसी नावाच्या कपाटाला तीन खण असतात, आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

*पहिला खण: थर्ड पार्टी.* मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. तुमच्या गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली, मृत्यू झाला किंवा त्याच्या मालाचं नुकसान झालं, तर ती भरपाई यातून जाते. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड ४,००० रुपये. लक्षात ठेवा, फक्त थर्ड पार्टी असेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीला एक रुपया मिळत नाही. खाजगी गाडीत बसलेल्या तुमच्या मामा-मावशीलाही नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीचं संरक्षण नसतं. त्यांच्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते.

*दुसरा खण: ओन डॅमेज,* म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान. अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, गारपीट, वीज पडणे, दरड कोसळणे, दंगल, संप, मुद्दाम केलेली तोडफोड आणि दहशतवादी कृत्य हे सगळं यात येतं. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र घेतलं की त्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात. लोक "फुल" म्हणतात ते हेच.

*तिसरा खण: मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा.* हा १५ लाख रुपयांचा असतो. तुम्ही गाडीचे मालक असाल, लायसन्स चालू असेल आणि गाडी चालवताना अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर घरच्यांना आधार मिळतो. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर हा खण उघडतच नाही.

पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्यासाठीची कायदेशीर जबाबदारी वेगळी जोडून घ्यावी लागते. प्रीमियम अगदी थोडा असतो, पण मागितल्याशिवाय कुणी जोडून देत नाही. गाडीतल्या इतरांसाठीही वैयक्तिक अपघात कव्हर जोडता येतं.

आता ती ओळ

खाजगी कारच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" या मथळ्याखाली साधारण असं लिहिलेलं असतं: गाडी कुठल्याही कामासाठी वापरता येईल, पण या कामांसाठी नाही.

- भाडं किंवा मोबदला घेऊन वाहतूक
- मालाची वाहतूक, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून
- शर्यत, वेगाची चाचणी वगैरे
- गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याशी संबंधित वापर

शर्यत तुम्ही लावणार नाही. पण पहिल्या दोन गोष्टींमध्ये आपल्या भागातले अर्धे छोटे धंदे बसतात.

उदाहरणं घेऊ. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकून तुम्ही बांबूच्या वस्तू बनवता. दोन-चार नमुने गाडीत टाकून नागपूरच्या दुकानदाराला दाखवायला गेलात, तर चालतं. त्याने ऑर्डर दिली आणि तुम्ही मागची सीट पाडून चाळीस टोपल्या भरल्या, तर ती मालवाहतूक झाली. सिंदेवाहीचा तांदूळ, एटापल्लीचा मध, मोहाचे लाडू, सगळ्यांना हाच नियम. नमुना चालतो, माल चालत नाही.

प्रवाशांचंही तसंच. मेव्हण्याला रेल्वे स्टेशनवर सोडलं, हे घरचं काम. होमस्टेच्या पाहुण्याकडून "पिकअप-ड्रॉप १,५०० रुपये" घेतले, हे भाडं. पाहुण्याने रोख दिले की फोनपे केले, याने फरक पडत नाही. उलट फोनपेची नोंद राहते, आणि चौकशीत ती निघते.

एक प्रश्न हमखास येतो, "रात्री गावातला पेशंट गाडीत टाकून दवाखान्यात नेला तर?" न्या, बिनधास्त न्या. भाडं न घेता केलेली मदत म्हणजे भाड्याचा वापर नाही. परमिटच्या दंडाच्या कलमातही आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी सूट दिलेली आहे. या नियमाच्या भीतीने कुणाला रस्त्यावर सोडू नका.

भाडं घेतलं आणि गाडी ठोकली, तर?

समजा, पांढऱ्या प्लेटच्या कारमध्ये चार पर्यटक घेऊन तुम्ही चंद्रपूर-मूल रस्त्याने निघालात. जंगलाच्या पट्ट्यात रानडुक्कर आडवं आलं, गाडी वळवताना समोरच्या मोटरसायकलला धडक बसली. आता तीन हिशोब एकाच वेळी सुरू होतात.

पहिला, तुमच्या गाडीचा. सर्व्हेअर विचारतो, गाडीत कोण होतं, कुठे चालले होते? पर्यटक सांगतात, "आम्ही गाडी ठरवली होती." क्लेम नाकारण्याचं कारण कंपनीच्या हातात आलं. अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने वाहनमालकाला काही प्रमाणात दिलासा दिलेला आहे. खाजगी म्हणून विमा काढलेली आणि टॅक्सी म्हणून वापरलेली एक स्कॉर्पिओ चोरीला गेली होती. नितीन खंडेलवाल यांच्या त्या प्रकरणात २००८ साली न्यायालयाने क्लेम पूर्ण फेटाळू दिला नाही, ७५ टक्के रक्कम कायम ठेवली. २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणातही भाड्याच्या वापराचं कारण देऊन कंपनीने क्लेम शून्य केला होता. तिथेही न्यायालयाने काही रक्कम द्यायला लावली. पण यावरून "मग काय, ७५ टक्के तर मिळतातच" असं समजू नका. हे पैसे मिळायला ग्राहक आयोगापासून दिल्लीपर्यंत वर्षानुवर्षं लढावं लागलं. तेवढी वर्षं गाडी गॅरेजमध्ये उभी, आणि बँकेचा हप्ता चालू. नवीन धंदा यात तग धरत नाही.

दुसरा हिशोब मोटरसायकलवाल्याचा. त्याच्या कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा केला, तर न्यायालय बऱ्याचदा कंपनीला सांगतं, आधी पीडिताला पैसे द्या आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करा. अपघातात मृत्यू झाला तर भरपाई लाखांत जाते. ती वसुली तुमच्या शेतावर, घरावर येऊ शकते.

तिसरा, गाडीतल्या चार पर्यटकांचा. ते पैसे देऊन बसलेले प्रवासी आहेत, आणि तुमच्या पॉलिसीत त्यांना जागाच नाही.

शिवाय परमिट नसताना प्रवासी वाहतूक केल्याबद्दल कलम १९२-अ लागतं: १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. दोन हजारांच्या भाड्यासाठी आपण काय पणाला लावलं, ते आता मोजा.

मग नीट करायला खर्च किती येतो?

लोक इथे घाबरतात. "टॅक्सी पासिंग म्हणजे लय खर्च" हे सगळे सांगतात, पण आकडा कुणी मांडत नाही. आपण मांडू.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये. त्याच इंजिनच्या, सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या टॅक्सीला ७,९४० रुपये, अधिक प्रत्येक प्रवाशामागे ९७८ रुपये. चार प्रवासी धरले तर ११,८५२ रुपये. फरक झाला ८,४३६ रुपयांचा. जीएसटी वेगळा.

आता हंगामाचा हिशोब करा. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतो. उरले नऊ महिने. या नऊ महिन्यांत तुम्हाला १०० फेऱ्या मिळाल्या, तर हा फरक एका फेरीमागे ८५ रुपयांच्याही आत येतो. दोन चहा-नाश्त्याचे पैसे! ओन डॅमेजचा प्रीमियम, फिटनेस, परमिट, कर हे वर येतील, तेही फेऱ्यांवर वाटून बघा. वाटून जमत असेल तर धंदा आहे. जमत नसेल, तर याचा अर्थ तुमचा दर कमी आहे किंवा गिऱ्हाईक कमी आहे. ते आजच कळलेलं बरं.

कागदांचा क्रम असा ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची किंवा फायनान्सवाल्याची ना हरकत. मग चंद्रपूरच्या (एमएच ३४) किंवा गडचिरोलीच्या (एमएच ३३) आरटीओत वापर बदलण्याचा अर्ज, फिटनेस, कर, परमिट, पिवळी प्लेट. आणि त्याच वेळी विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसी व्यावसायिक वापराची करून घ्या. इथेच लोक चुकतात. प्लेट पिवळी होते, पॉलिसी जुनीच राहते.

लायसन्सबद्दल एक चांगली बातमी. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं वाहतूक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे फक्त या कारणाने क्लेम अडवायला आता जागा उरलेली नाही.

आणि महिन्यातून दोनच फेऱ्या मिळत असतील तर? तर गाडी बदलू नका. गिऱ्हाईक तुमचं ठेवा, गाडी पिवळ्या प्लेटवाल्याची लावा आणि तुमचं कमिशन घ्या. मालाचंही तसंच, टेम्पोवाल्याला द्या. धंद्याची चाचणी अशीच करतात.

आपल्या जंगलातले धोके, आपली पॉलिसी

शहरातल्या एजंटाने विकलेली पॉलिसी आपल्या रस्त्यांना पुरेलच असं नाही. हे मुद्दे विचारूनच घ्या.

*जनावर आडवं येणं.* नीलगाय, चितळ, रानडुक्कर धडकलं तर तो अपघातच. ओन डॅमेज असेल तर कव्हर आहे. २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळपही फिरतोय. उभ्या गाडीचं हत्तीने नुकसान केलं, तर तेही बाहेरून झालेलं अपघाती नुकसान म्हणून मांडता येतं. अशा वेळी वन विभागाला कळवा, पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

*पूर.* ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्दच्या विसर्गानंतर वैनगंगेने ब्रह्मपुरी-देसाईगंज भागात काय केलं, आणि जुलै २०२२ मध्ये सिरोंचात काय झालं, ते आपण पाहिलं आहे. पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क तुटतो. पुराचं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं, पण इंजिनचा प्रश्न वेगळा आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी परत सेल्फ मारून चालू करायचा प्रयत्न केला, की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन जाम होतं. कंपनी म्हणते, हे पुराने झालं नाही, तुमच्या सेल्फने झालं. म्हणून दोन गोष्टी: इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्या, आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला चावी लावू नका. पुलावरून पाणी वाहत असताना तर गाडी घालायचीच नाही. जीव पहिला.

*टोइंग.* नेहमीच्या खाजगी कार पॉलिसीत गाडी उचलून जवळच्या गॅरेजला नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. एटापल्ली किंवा भामरागडहून चंद्रपूरपर्यंत गाडी आणायला तेवढ्यात कोण येईल? रोडसाइड असिस्टन्स घेताना विचारा, किती किलोमीटरपर्यंत, आणि आमच्या तालुक्यात सेवा आहे का? उत्तर लेखी घ्या. कॅशलेस गॅरेज कुठे आहे तेही आधी बघा. गडचिरोलीवाल्यांना त्यासाठी बऱ्याचदा चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागतं.

*जाळपोळ.* डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडच्या खाणीवर नक्षलवाद्यांनी डझनावारी गाड्या पेटवल्या होत्या. आग, दहशतवादी कृत्य, मुद्दाम केलेलं नुकसान हे पॅकेज पॉलिसीत येतं. नुसत्या थर्ड पार्टीत यातलं काहीच नाही.

*गाडीतले बदल.* सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंदलेलं हवं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून "जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करतो" म्हणणारे वाढले आहेत. कल्पना चांगली आहे. पण आत गादी, गॅस, बॅटरी बसवण्याआधी आरटीओची परवानगी, आरसीवर योग्य नोंद आणि बसवलेल्या सामानाची किंमत पॉलिसीत जाहीर, हे तिन्ही हवं. पॉलिसीत नसलेल्या फ्रिजची भरपाई मिळत नाही.

क्लेमच्या रकमेचं गणित

*आयडीव्ही.* गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण संपली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला १५ टक्के, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा. शोरूम किंमत ८ लाख आणि गाडी साडेतीन वर्षांची असेल तर आयडीव्ही साधारण ४ लाख ८० हजार. प्रीमियम कमी दाखवायला कुणी आयडीव्ही पाडून देत असेल तर घेऊ नका.

*सुट्या भागांचा घसारा.* प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के कापतात. बंपर १२,००० चा असेल तर ६,००० धरतात, त्यातून सक्तीची वजावट जाते: १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. काचेवर घसारा नाही. झिरो डेप घेतलं तर ही घसाऱ्याची कपात टळते.

*नो क्लेम बोनस.* क्लेम न घेता गेलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेज प्रीमियमवर २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट. हा बोनस गाडीचा नसून तुमचा आहे, नव्या गाडीला नेता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो जातो. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकण्याआधी बोनस किती जाईल ते मोजा.

*जुनी गाडी घेताय?* गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्या. नाहीतर थर्ड पार्टी चालू राहील, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडेल.

अपघात झाला तर पहिला तास

१. जखमींना आधी दवाखान्यात. १०८ किंवा ११२.
२. फोटो आणि व्हिडिओ: गाडी, नंबर प्लेट, रस्ता, खुणा.
३. कंपनीला लगेच कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या. जंगलात रेंज नसते, म्हणून कंपनीचा नंबर आणि पॉलिसी नंबर कागदावर लिहून गाडीत ठेवा. रेंज नसल्याने उशीर झाला तर वेळेसह तसं लेखी द्या.
४. कुणाला इजा झाली असेल किंवा चोरी असेल तर पोलिसांत तक्रार.
५. सर्व्हेअर बघेपर्यंत गाडी खोलू नका.
६. जे घडलं तेच सांगा. ड्रायव्हर बदलून सांगायचा सल्ला देणारे भेटतील. खोटं उघडं पडलं की खरा क्लेमही जातो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, मग विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर. त्यानंतर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या आणि पॉलिसी समोर ठेवून ही सात उत्तरं लिहा:

१. पॉलिसी पॅकेज आहे की फक्त थर्ड पार्टी? कधी संपते?
२. "वापराच्या मर्यादा" खाली काय लिहिलं आहे?
३. आरसी, पॉलिसी आणि लायसन्सवरचं नाव जुळतं का?
४. आयडीव्ही किती?
५. इंजिन प्रोटेक्ट, झिरो डेप, टोइंग यांतलं काय आहे?
६. मागच्या तीन महिन्यांत गाडीतून भाड्याच्या आणि मालाच्या किती फेऱ्या झाल्या?
७. पुढच्या वर्षी किती होतील, आणि एका फेरीवर विम्याचे किती रुपये बसतील?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर शून्यापेक्षा जास्त असेल आणि नंबर प्लेट पांढरी असेल, तर पुढचं भाडं घेण्याआधी विमा कंपनीला आणि आरटीओला एकदा भेटा. सातव्या उत्तरात येणारी रक्कम तुमच्या दरात आजच मिळवा. गिऱ्हाईकाला सांगा, "दादा, शंभर रुपये जास्त आहेत, पण गाडीला परमिट आहे आणि तुमचा विमा आहे." लेकरं घेऊन जंगलात येणारा माणूस ते शंभर रुपये आनंदाने देतो.

चला, वही काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत.